मतदान नाही, मग निर्णय होतो कसा? (क्वेकर शाळांबद्दल प्रश्न)

खडूफळा
शिक्षकांच्या अभ्यासगटासाठी इंग्लंड-अमेरिकेतल्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) शाळांवर टिपण करतोय. साधेपणा, शांतता, सचोटी, समुदाय, समता आणि जपणूक ही मूल्यांची यादी जिथे तिथे सापडते. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला 'स्पाइसेस' म्हणतात. पण मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या मोजून भाजीची चव कळत नाही. मला रोजचा व्यवहार हवाय. आठवड्याची मौनसभा प्रत्यक्षात चालते कशी? मतं न मोजता निर्णय होतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि एकजण अडून बसला तर? आणि हे सगळं फसतं कुठे?

मागचा बाक
यादीबद्दल आधी एक सांगतो. क्वेकर पंथ सतराव्या शतकातला, ही आद्याक्षरांची जुळणी मात्र विसाव्या शतकातली. मुलांना शिकवायला सोपी म्हणून ती शाळांमध्ये रुजली. मूळ गाभा पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्सचा: प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे. बाकीचं सगळं त्यातून येतं, मौनसभासुद्धा. अंश प्रत्येकात असेल तर मध्ये पुरोहित कशाला?

आता सभा. बाकं किंवा खुर्च्या समोरासमोर किंवा चौकोनात मांडतात, व्यासपीठ नसतं. सगळे येऊन गप्प बसतात. प्रार्थना, भजन, भाषण काही ठरलेलं नसतं. कुणाला आतून अगदी बोलावंसंच वाटलं तर तो उभा राहतो, थोडक्यात बोलतो आणि बसतो. शिपाई असो, मुख्याध्यापक असो की सहावीतली मुलगी. त्यावर उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही, टाळ्या तर नाहीतच. ठरलेली दोन माणसं हस्तांदोलन करतात, मग सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात आणि सभा संपते. मोठ्या मुलांची सभा साधारण अर्धा ते पाऊण तास चालते, लहानांची बरीच कमी.

फसण्याच्या जागा तीन. पहिली म्हणजे 'पॉपकॉर्न'. हा त्यांच्यातलाच शब्द आहे. एक बोलला की लगेच दुसरा, मग तिसरा, आणि मौनाची चर्चासभा होते. उपाय आधीच सांगून ठेवायचा: एकाचं बोलणं संपल्यावर ते मुरायला दोनतीन मिनिटं द्यायची, आणि एका सभेत एकाने एकदाच बोलायचं. दुसरी, शिक्षक पोलिसासारखे भिंतीला पाठ लावून उभे राहतात. मग मुलांना ती शिक्षा वाटते, आणि बरोबरच वाटते. शिक्षकाने मुलांमध्ये बसायचं आणि स्वतः गप्प राहायचं. तिसरी, मौनात करायचं काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी सभेच्या सुरुवातीला एक प्रश्न वाचतात. त्याला 'क्वेरी' म्हणतात. तो हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असा हवा. 'आपण सगळ्यांशी समतेने वागतो का?' हा कच्चा प्रश्न. 'या आठवड्यात कुणाचं बोलणं माझ्या कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही?' हा चालेल.

इतिवृत्त
निर्णयाचं मी सांगते. कामकाजाच्या सभेत एक 'क्लार्क' असतो. कारकून नव्हे. सभा चालवणं आणि ठराव लिहिणं अशी दोन्ही कामं त्याच्याकडे. बऱ्याच ठिकाणी लिहायला वेगळा माणूस देतात. क्लार्कचं खरं काम सभेचा कल ओळखणं. डोकी मोजायची नाहीत, बोलण्याचं वजन बघायचं.

उदाहरण घेऊ. विषय: जेवणघरात मोबाइल.
सुरुवात दोन मिनिटांच्या मौनाने. क्लार्क विषय आणि माहिती मांडतो. बोलणारा हात वर करतो, क्लार्कने नाव घेतल्यावर क्लार्कला उद्देशून बोलतो, समोरच्याला नाही. या एका नियमाने निम्मी भांडणं वाचतात. दोन बोलण्यांमध्ये थोडी शांतता. आधीच्याशी सहमत असाल तर तेच पुन्हा सांगत बसायचं नाही, 'माझ्या मनातलंच बोलले' एवढं पुरे.
कल दिसला की क्लार्क तिथेच ठराव लिहितो: 'दुपारच्या जेवणात मोबाइल दप्तरात राहतील. घरी तातडीने बोलायचं असेल तर दाराबाहेर जाऊन बोलता येईल. सहा आठवड्यांनी पुन्हा विचार करू.' तो लिहीत असताना बाकीचे गप्प. मग मोठ्याने वाचतो आणि मान्य आहे का विचारतो. कुणी म्हणेल, 'तातडीने' हा शब्द काढा, तातडी कुणी ठरवायची? शब्द बदलतो, पुन्हा वाचन, मंजुरी. लेखी मजकूर सभेतच मंजूर होतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. 'आपलं असं ठरलंच नव्हतं' हे नंतर ऐकावं लागत नाही.

अडून बसण्याचं: विरोध दोन प्रकारचा. 'मला हे आवडलं नाही, पण तुमच्या आड येत नाही' असं म्हणून माणूस बाजूला होऊ शकतो, हवं तर तशी नोंद होते. दुसरा सदसद्विवेकाचा, म्हणजे 'हे चुकीचं आहे' असा. तिथे क्लार्क थांबतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. पण हा नकाराधिकार नव्हे. एकाचा हट्ट आहे की त्याला इतरांना न दिसलेलं काही दिसतंय, हे सभेने पारखायचं असतं. विषय फारच तापलेला असेल तर आधी वेगळी 'मळणी' सभा घेतात. इंग्रजी शब्दही धान्य झोडपण्याचाच आहे. तिथे फक्त बोलून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही.

खडूफळा
एक शंका. मुख्याध्यापकच क्लार्क असले तर?

इतिवृत्त
टाळावं. ज्याला निकाल विशिष्ट बाजूने हवाय त्याला कल ओळखता येत नाही, त्याला आपलाच आवाज ऐकू येतो. मुलांच्या सभेला मुलगा किंवा मुलगी क्लार्क, शेजारी एक जाणता शिक्षक. क्लार्कला स्वतःचं मत मांडायचंच असेल तर त्या विषयापुरतं आसन सोडायचं.

यापेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. कुठला निर्णय कुणाचा हे आधी न सांगणं. नेमणुका, अंदाजपत्रक, मुलांची सुरक्षितता यांची जबाबदारी शेवटी विश्वस्त आणि मुख्याध्यापकांवरच असते. ठरलेली गोष्ट सभेपुढे ठेवून 'आपण मिळून ठरवलं' म्हणायचं, हे मुलांना पहिल्या दिवशी कळतं. नुसता सल्ला हवा असेल तर सल्ला मागतोय असं सरळ सांगावं. दुसरी फसगत दमछाकीची: तीन तासांनी सगळे कंटाळून हो म्हणतात. तो कल नव्हे, भूक. वेळेची मर्यादा घालावी आणि उरलेलं पुढे ढकलावं.

पाळीची भांडी
कामाच्या पाळ्या राहिल्या. निवासी शाळांमध्ये समुदाय म्हणजे काय ते तिथे दिसतं. अमेरिकेत आयोवातली स्कॅटरगुड किंवा ओहायोतली ओल्नी या लहान शाळांना स्वतःची शेती आहे, आणि मुलं स्वयंपाक, सफाई, शेत यांत हात लावतात. (स्कॅटरगुडची इमारत १९३९ ते १९४३ नाझींपासून पळून आलेल्या निर्वासितांचं वसतिगृह होती.) पाळी लावताना शिक्षकांची नावंही त्याच तक्त्यावर हवीत, आणि काम खरं हवं. मुलांनी न घासल्यास ताटं खरकटीच राहिली पाहिजेत. मागून कर्मचारी येऊन पुन्हा घासणार असतील तर तो देखावा. शिक्षा म्हणून जादा पाळी तर कधीच देऊ नये, त्याने काम हलकं ठरतं.

समतेचं एक मराठी माणसाला चटकन कळेल. सुरुवातीचे क्वेकर न्यायाधीशालाही मानाचं अनेकवचन लावत नसत, सरसकट 'तू' म्हणत, टोपीही काढत नसत. त्यापायी मार खाल्ला, तुरुंगात गेले. आज अनेक क्वेकर शाळांत मुलं शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात, त्याची मुळं तिथे आहेत. शपथ न घेणंही तसंच: शपथ घातल्यावर खरं बोलणार, तर एरवी काय?

टिपणात एक विसंगती जरूर लिहा. यॉर्कशरची ॲकवर्थ शाळा १७७९ मध्ये निघाली ती बेताच्या परिस्थितीतल्या क्वेकर घरांतल्या मुलामुलींसाठी. आज वॉशिंग्टनची सिडवेल फ्रेंड्स ओळखली जाते ती राष्ट्राध्यक्षांच्या मुलींमुळे. अशा अनेक शाळांची फी भरमसाट आहे आणि बहुतेक मुलं, शिक्षक क्वेकर नाहीत. शिष्यवृत्त्या असतात, तरी साधेपणा आणि समता यांचा या फीशी मेळ कसा घालायचा, यावर त्यांच्याच सभांमध्ये वाद चालतो.

खडूफळा
ठरावाचा नमुना आणि क्लार्कचे नियम जसेच्या तसे घेतोय. मळणी हा शब्दही.