शब्दचर्चा : मानक, निकष, निष्पत्ती आणि मुख्याध्यापक

चाफेकळी :
पालकसभेचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मोठ्या बाईंच्या टिपणात 'मानक', 'निकष' आणि 'अध्ययन निष्पत्ती' हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात आहेत. अर्थ एकच की वेगळे? शिवाय 'शैक्षणिक नेतृत्व' हेही आहेच.

दप्तरवाला :
वेगळे. निकष म्हणजे मुळात सोन्याचा कस पाहायचा दगड, म्हणजे ज्यावर घासून पारखायचं ते. मानक म्हणजे अमुक इतकं असायलाच हवं अशी ठरवून दिलेली पातळी. शाळांच्या मूल्यमापनासाठी 2015 साली आलेल्या 'शाळासिद्धी' या राष्ट्रीय आराखड्यात सात क्षेत्रं आणि 46 गाभा मानकं आहेत, आणि प्रत्येकात आपण तीनपैकी कोणत्या स्तरावर आहोत ते शाळा आधी स्वतःच नोंदवते. निकष लावतात, निकषाला उतरतात. गाठतात ती मानकं. जाहिरातींत याची सर्रास खिचडी असते, ते सोडा.

गोदाकाठ :
'निष्पत्ती' जुनाच शब्द आहे. रसनिष्पत्ती, फलनिष्पत्ती आपण म्हणतोच. शाळेत मात्र 'शिकून मुलाला काय करता येतं' या अर्थाने तो उशिरा आला. नव्वदच्या दशकात 'किमान अध्ययन क्षमता' होत्या, 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाबरोबर 'आकारिक' (शिकता शिकता होणारं) आणि 'संकलित' (सत्राअखेरचं) मूल्यमापन हे शब्द आले, 2017 नंतर निष्पत्ती. दर वेळी नवे तक्ते, नव्या नोंदवह्या.
पण हा बदल नुसत्या नावाचा नाही. क्रियापदं बघा. उद्दिष्ट लिहितात ते 'परिचय करून देणे', 'आवड निर्माण करणे' असं. करणारा शिक्षक. निष्पत्ती लिहितात ती 'ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतात' अशी. करणारं मूल. म्हणजे मुख्याध्यापकाने वर्गात डोकावून 'पोर्शन झाला का?' विचारणं पुरत नाही, 'कोणाला अजून जमत नाही?' हे विचारावं लागतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाच्या टाचणवहीत मिळतं, दुसऱ्यासाठी मुलांशेजारी बसावं लागतं.

चाफेकळी :
हे पटलं. आणि नेतृत्व?

दप्तरवाला :
मला खटकतो. नेतृत्व म्हटलं की मोर्चा आणि चौकातले फ्लेक्स डोळ्यांपुढे येतात. 'मुख्याध्यापक' शब्दात 'अध्यापक' आहे, तेवढं पुरे.

गोदाकाठ :
दप्तरवाले, इथे माझं तुमच्याशी जमत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर असेल तर. आमच्याकडच्या दोनशिक्षकी शाळांत असतो 'प्रभारी', म्हणजे स्वतःचे वर्ग सांभाळून पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका बघणारा. पद नाही, भार आहे. सहकाऱ्याला सोबत घेऊन शिकवण्याची पद्धत बदलणं हे काम त्यालाही करावंच लागतं, आणि त्या कामाला नाव हवं. 'प्रशासन' म्हणालात तर त्यातून शिकवणंच गळतं.

दप्तरवाला :
पदापेक्षा कामाचं नाव, या अर्थाने मान्य. पत्रकात मात्र नको.

गोदाकाठ :
पत्रकात तिन्ही नकोतच. असं लिहा : 'तिसरीच्या मुलांना वर्षअखेरीस काय काय यायला हवं, त्याची यादी सोबत आहे. तुमच्या मुलाला त्यातलं काय येतं, ते सभेत वर्गशिक्षक दाखवतील.'

चाफेकळी :
बाईंना दाखवते. 'निष्पत्ती' खोडलेली त्यांना चालेल का, बघू.