लाकडी चमचे कोरायला पहिली सुरी कोणती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार. गेले दोन महिने ओल्या फांद्यांचे चमचे कोरायला शिकतोय. आतापर्यंत घडीची साधी सुरी वापरत होतो. गेल्या आठवड्यात टोकाने उकरताना ती मिटली आणि तर्जनी खोल कापली गेली. जखम भरत आलीय, पण ती सुरी पुन्हा लाकडाला लावायची नाही.

सरळ पात्यात मोरा या स्वीडिश कंपनीची १२० (पातं साधारण ६० मिमी) आणि १०६ (साधारण ८० मिमी) यांच्यात अडलोय. दोन्हींचं पोलाद कार्बनचं, मग ओल्या लाकडाने गंजणार नाही का? स्टेनलेस बरं पडेल का? शिवाय चमच्याची वाटी कोरायला वाकड्या पात्याची हुक नाइफ लगेच घ्यावी का?

अजून एक. वाटी दांड्याला मिळते तिथे, मानेपाशी, लाकूड हमखास फाटतं. दांड्याकडून येताना छान गुंडाळलेली ढलपी निघते, मग अचानक चर्र करून लाकडाच्या रेषा उपटतात. दोष सुरीचा की हाताचा?

प्रतिसाद:

आधी बोट पूर्ण बरं होऊ द्या, घाई नको.

मान फाटते ती दिशेमुळे, सुरी बदलून ते थांबणार नाही. दांड्याकडून उतरत या आणि सगळ्यात खोल जागी थांबा. तिथून वर चढायला गेलात की पातं रेषांच्या पोटात शिरतं आणि फाडतं. चमचा फिरवून धरा, वाटीकडून उतरत त्याच जागी या. दोन्ही काप खोलात भेटले की ढलपी आपोआप सुटते.

तुम्ही म्हणता त्यातली १२० घ्या. चमच्यात वळणं फार, आणि आखूड पात्याचं टोक हाताजवळ राहतं. मी लांबीपेक्षा धारेचा उतार आधी बघतो. या दोन्हींना दोन बाजूंनी रुंद, सपाट उतार थेट धारेपर्यंत असतो. तो लाकडावर टेकवला की पातं किती खोल जाणार हे मनगटाच्या ताब्यात राहतं. घडीच्या बहुतेक सुऱ्यांना धारेपाशी आणखी एक बारीक उतार असतो, म्हणून त्या घसरतात नाहीतर एकदम रुततात.

कार्बनच्या पात्याला दगडावर धार पटकन लागते, म्हणून मी तेच वापरतो. काम संपलं की पुसायचं, तेलाचा थेंब फिरवायचा. काही लाकडांवर निळसर काळे डाग पडतील. ते लाकडातल्या टॅनिनचे (तुरट द्रव्याचे) आणि पात्यातल्या लोखंडाचे.

हुक लागेलच, सरळ पात्याने वाटी नीट होत नाही. फक्त पसरट वळणाची घ्या. घट्ट वळणाची उथळ वाटीत नुसत्या चऱ्या पाडते. आणि आधी रेषांना आडवं कोरा.

धागाकर्ता:

खूप आभार! बोट जपून, अर्धवट चमचा शिकंज्यात धरून पटाशीने मान दोन्हीकडून उतरवून पाहिली. पहिल्यांदाच फाटली नाही. १२० घेतो. पण हुकच्या आतल्या वळणाला धार कशी लावायची? दगड तिथे पोचणार नाही.

प्रतिसाद:

गोल दांडीला बारीक पॉलिश पेपर घट्ट गुंडाळा, १००० नंबरचा, मग २०००. दांडी धारेच्या आतून बाहेरच्या दिशेनेच ओढा, धारेवर उलटी ढकलू नका. शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून चार-पाच हात मारा.