कोडिंग थिअरीत पीएचडी करून प्राध्यापक व्हायचंय, करिअर कसं असतं?

अर्धवट_गणिती
एमएस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. फायनाइट फील्ड (मोजक्याच संख्या, पण बेरीज-गुणाकार-भागाकार सगळं चालतं) शिकताना कोडिंग थिअरीचं, म्हणजे पाठवलेल्या माहितीतल्या चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या कोडच्या गणिताचं, एक प्रकरण झालं आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. घरी सांगितलं तर म्हणे वा, कोडिंग म्हणजे आयटीत नोकरी पक्की 😀 ते जाऊदे. मॅथ्स डिपार्टमेंटमधे राहून आयुष्यभर या विषयात काम करणारा माणूस नक्की करतो काय? मित्र म्हणतो महत्त्वाचं सगळं इलेक्ट्रॉनिक्सवाले करून बसलेत. आणि शिकवण्यातून रिसर्चला वेळ उरतो का?

खडू_डस्टर
बरीच वर्षं हेच करतेय म्हणून लिहिते. आधी तुझ्या मित्राचं. बीसीएच हे चुका दुरुस्त करणारे गाजलेले कोड, त्यातला बी म्हणजे राजचंद्र बोस, मूळचे डिझाइन्स (प्रयोगांची आखणी) आणि स्टॅटिस्टिक्सवाले, त्यांनी आणि रे-चौधुरींनी १९६० मधे हे कोड मांडले, त्याच्या वर्षभर आधी फ्रान्समधे ओकेंगेम नावाच्या गणितज्ञाला तेच स्वतंत्रपणे सापडलं होतं. रीड-सॉलोमन पण १९६० चाच, नुसत्या पॉलिनॉमियलच्या किमतींवर उभा आहे, आणि आज क्यूआर कोडचा थोडा भाग खराब झाला तरी स्कॅन होतो तो त्याच्यामुळे. मित्राला एवढं सांग.

रोजचं म्हणशील तर टर्म चालू असताना लेक्चर, पेपर तपासणी, मीटिंगा यातच दिवस जातो. रिसर्च सुट्टीत आणि रात्री. पण शिकवण्याला वेळखाऊ म्हणू नकोस, मला अर्धे प्रश्न फळ्यासमोरच सुचलेत. पहिल्या तासाला हॅमिंग कोड घेते, ७ बिट, १६ कोडवर्ड (कोडमधे घेतलेले शब्द), प्रत्येकाभोवती फार तर एक बिट बदललेले, स्वतः धरून ८ शब्द, १६ × ८ = १२८, म्हणजे २ चा ७ वा घात, एकही शब्द शिल्लक राहत नाही. मग गोले कोड, २३ बिट, तीनपर्यंत बिट बदललेले शब्द मोजायला १ + २३ + २५३ + १७७१ करा म्हणते आणि गप्प बसते. बेरीज २०४८, म्हणजे बरोबर २ चा ११ वा घात, आली की वर्गात कोणीतरी "आयला" म्हणतंच.

आणि सगळं करून झालंय म्हणणाऱ्याला विचार, लांबी ७२, डायमेन्शन ३६, अंतर १६ (कोणतेही दोन कोडवर्ड निदान १६ जागी वेगळे) असा बायनरी सेल्फ-ड्युअल (आपल्याच लंब शब्दांचा बनलेला) कोड आहे का? गणितज्ञ स्लोननी १९७३ मधे विचारलं होतं, अजून कोणाला ना सापडलाय ना नाही म्हणून सिद्ध करता आलंय.

पॅरिटी_बिट
+१. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थोडी कडू बाजू पण ऐक. १९९४ मधे झेड-फोर (० ते ३, चारने भागून बाकी धरायची) वरच्या कोडचा तो गाजलेला पेपर आला, केरडॉक आणि प्रेपराटा हे लिनियर नसलेले कोड एकमेकांचे ड्युअल असल्यासारखे का वागतात हे कोडं त्याने सोडवलं, खरंच सुंदर आहे, पण त्यानंतर रिंग (झेड-फोरसारखी बेरीज-गुणाकाराची रचना) बदला पेपर काढा असा कारखानाच सुरू झाला. असा गाइड मिळाला तर पेपर भरपूर होतील आणि तू कंटाळशील. गाइड निवडताना शेवटचे चार पेपर वाचून बघ, प्रश्न कशासाठी विचारलाय ते कळतंय का बघ.

उपयोगाची घाई पण नको. गॅलगरने एलडीपीसी कोड (तपासणीच्या मॅट्रिक्समधे बहुतेक शून्यंच असलेले) १९६० च्या थिसिसमधे दिले, तेव्हाच्या कम्प्युटरना झेपले नाहीत, ९० च्या दशकात लोकांनी परत शोधून काढले, आज फाइव्हजीचा डेटा त्यावर चालतो.

घासूगोसावी
क्रिप्टोग्राफीकडे (संदेश गुप्त ठेवायचं शास्त्र) पण बघ की. मॅकएलिसची १९७८ ची गुप्त संदेशाची सिस्टम गोप्पा कोडवर (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचा एक प्रकार) आहे, किल्ली अवाढव्य म्हणून कोणी वापरली नाही, आता क्वांटम कम्प्युटरच्या भीतीने परत सगळे तिकडे वळलेत. २०२५ मधे अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी संस्था) एचक्यूसी ही क्वांटमला टिकेल अशी पद्धत निवडली ती पण कोडवरच.

अर्धवट_गणिती
धन्यवाद सर, गोलेची बेरीज करून बघितली, आयला!! एलडीपीसीला ग्राफ थिअरी लागते का? माझी कच्ची आहे.

खडू_डस्टर
सर नाही, मॅडम 🙂 लागते, पण ग्राफ नंतर शिकता येईल. आधी लिनियर अल्जेब्रा फायनाइट फील्डवर पक्कं कर, नेहमीच्या वास्तव संख्यांवर (आर वर) पाठ केलेलं तिथे दगा देतं. शून्य नसलेला व्हेक्टर स्वतःलाच लंब असू शकतो, हे आधी पचव.