लगूनच्या तोंडाशी पाणी गढूळ का?

एकाने विचारलंय, की लगूनच्या (प्रवाळभिंतीआडच्या उथळ समुद्रपाण्याच्या) तोंडाशी मासे बघायला उतरूनही पाणी गढूळ आणि मासे तुरळक का. वेळ चुकली असणार. ओहोटीत लगूनमधलं गाळ मिसळलेलं पाणी त्याच खिंडीतून बाहेर पडतं आणि ओढही समुद्राकडे असते. तेव्हा तिथे उतरूच नये. भरतीत बाहेरचं नितळ पाणी आत येतं, सोबत प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), आणि प्लवकामागे मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा. भरतीच्या शेवटी ओढ मंदावते, ती वेळ बरी. मांटाचा पाठलाग नको, स्थिर तरंगा. ज्या खडकापाशी छोटे मासे त्याच्या अंगावरचे परजीवी खातात, त्या खडकाकडे तो बहुधा पुन्हा वळतो. पोपटमासे मात्र आधी ऐकू येतात, प्रवाळ कुरतडल्याचा करकर आवाज. (किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी त्यांचीच विष्ठा!)