फ्लेक्सची फाइल उघडली की पीसी गोठतो. रॅम कमी की हार्डडिस्क गेली?

खानापूर_डीटीपी:
विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी १ टीबी हार्डडिस्क. कोरलड्रॉत १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स, मराठी-कन्नड दोन्ही मजकूर, शिवाय क्रोममध्ये पहाणी उताऱ्याची (कर्नाटकातला सातबारा) साइट. माउससुद्धा अडकतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, मेमरी ८८ टक्के, कमिटेड ७.६/८.१ जीबी. हार्डडिस्क बदलू काय?

टिळकवाडीकर:
थांबा. ८८ राहू दे, कमिटेड बघा की, म्हणजे प्रोग्रामांनी मागून घेतलेली एकूण मेमरी. ८.१ ही तिची मर्यादा, म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल). मागणी रॅमच्या जवळजवळ दुप्पट झालीय.
टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, खाली ‘ओपन रिसोर्स मॉनिटर’. मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स बघा, म्हणजे हवा तो डेटा रॅममध्ये न सापडल्यानं डिस्कवरून किती वेळा आणावा लागला. प्रोग्राम उघडताना आकडा उडतोच, ते सोडा. काम चालू असताना मिनिटभर शेकड्यांत राहिला तर संशय घ्या. पण साध्या फाइल वाचनानेही हा आकडा वाढतो, म्हणून डिस्क टॅबही उघडा. तिथं पेजफाइल वाचणं-लिहिणं दोन्हींत वर दिसली तर रॅमच अपुरी. ती शांत आहे आणि भलत्याच फाइलींना रिस्पॉन्स टाइम हजार मिलिसेकंदांवर जातोय, तर मग डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) तपासा.

निपाणी_फ्लेक्स:
फाइल किती डीपीआयची, म्हणजे इंचाला किती ठिपके? १० बाय ६ फूट ३०० डीपीआयला म्हणजे ३६,००० गुणिले २१,६०० पिक्सेल. सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकच बिटमॅप ३ जीबीच्या वर! ७२ ला तोच १८० एमबीच्या आत बसतो. लांबून बघायच्या फ्लेक्सला ३०० कशाला?

खानापूर_डीटीपी:
३०० च होतं. हार्ड फॉल्ट्स ६०० च्या खाली येईनात, पेजफाइल सगळ्यात वर. ती बंदच केली तर?

टिळकवाडीकर:
अजिबात नको. कमिटेडची मर्यादा ८.१ वरून ४ च्याही खाली येईल आणि सेव्ह करतानाच कोरल ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून बसेल. आकार विंडोजलाच ठरवू दे.
आधी डीपीआय उतरवा. मग परफॉर्मन्समध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. २ पैकी १ असेल तर आणखी ४ ची पट्टी. आत डीडीआर३ की डीडीआर४ हे पाहूनच घ्या, दोन्हींची खाच वेगळी, बसतच नाही. एसएसडीनं अडकणं कमी होईल, पण रॅमची तूट तशीच.
एवढं करून काही न उघडताही कमिटेड दिवसभर चढत गेलं, तर डिटेल्स टॅबमध्ये ‘कमिट साइझ’ कॉलम लावा. सकाळी आणि संध्याकाळी लिहून ठेवा, फुगणारा प्रोग्राम सापडतो.