बालगंधर्वांचं कर्ज नेमकं कधीचं? जाणकारांनी सांगावं

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात आत्या गेली. ब्याण्णव वर्षांची होती. माळ्यावरच्या तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत गायक-नट बालगंधर्वांच्या गाण्यांच्या सात तबकड्या निघाल्या, प्रत्येक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वेगळी गुंडाळलेली. एकीची कड उडाली आहे, पण 'नाथ हा माझा' शाबूत आहे. शेजारच्या काकांकडे चावीचा फोनो आहे, त्यावर लावली. आधी नुसती खरखर, मग तो आवाज. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली ती दारातच उभी राहिली.

तेराव्याला हा विषय निघाला तर एक नातेवाईक म्हणाले, "त्या गोहरबाईच्या नादानं माणूस धुळीला मिळाला." (गोहरबाई म्हणजे त्यांच्या कंपनीतल्या गायिका.) आत्यानं हे ऐकून घेतलं नसतं. मला मात्र बोलता आलं नाही, मला सालं माहीत नव्हती. कर्ज कधी झालं? आणि 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली हे खरं का?

पायपेटी:
ताई, मुलीचं खरं आहे. 12 मार्च 1911, मुंबई. तेव्हा ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते, स्त्रियांच्या भूमिका करायचे. खेळ पुढं ढकलू म्हणणारे होते, पण ते त्याच रात्री नायिका भामिनी होऊन उभे राहिले. वय 22. मला ही गोष्ट कौतुकानं सांगितलेली आवडत नाही. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या, त्यांची ती रात्र कशी गेली असेल हे कुणी विचारत नाही.

आता कर्ज. 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढं ते दोघेही बाहेर पडले. नारायणरावांना, म्हणजे बालगंधर्वांना, पैशाचा हिशेब कधी जमलाच नाही. खरे भरजरी शालू, उंची अत्तरं, गालिचे, सगळं अस्सल हवं. 1921च्या सुमाराला कंपनी कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. गावोगाव खेळ लावून त्यांनी ते फेडलं. गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या त्या बऱ्याच वर्षांनी. तोवर 1932चा पहिला मराठी बोलपट येऊन गेला होता, नाटकाची थिएटरं सिनेमाला जात होती, आणि 1935 साली खुद्द नारायणराव प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटात संत एकनाथ झाले होते. म्हणजे दिवस फिरल्यावर आलेल्या बाईवर खापर फोडायचं!

भजनीठेका:
मूळ दुखणं वेगळं आहे. बाई मुसलमान होत्या, लोकांना ते पचलं नाही. पुढं नारायणरावांच्या पायांतली ताकद गेली, तेव्हा उठवणं-बसवणं त्यांनीच केलं. 1964 साली त्या गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळालं.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. पायांवरून आठवलं. आत्या तरुणपणी त्यांच्या भजनाला गेली होती. ती सांगायची, दोघांनी उचलून आणून बसवलं, आणि आधी त्यांनी हात जोडले, पार मागे उभ्या असलेल्या बायकांकडे बघून. आवाज थकला होता, पण 'जोहार मायबाप' सुरू झालं तसे हिचे हातही आपोआप जुळले. हे सांगताना ती दर वेळी हात जोडून दाखवायची. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 साली त्यांच्याच हातून बसली, उद्घाटन मात्र 26 जून 1968ला, ते गेल्यानंतर जवळपास वर्षानं. आत्याला याची फार हळहळ.

त्या नातेवाइकांना आज फोन करून सालं सांगितली. ऐकून घेतलं त्यांनी. आता एकच विचारायचं, तबकड्यांवर बुरशीसारखे पांढरे डाग आहेत, स्पिरिटनं पुसू का?

पायपेटी:
अजिबात नको! त्या लाखेच्या आहेत, स्पिरिटनं लाख विरघळते. मऊ सुती फडकं जेमतेम ओलं करा, रेघांच्या दिशेनं गोल पुसा, लगेच कोरडं करा. आणि एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. कड उडालेली तर वाजवूच नका, सुई अडकून आणखी तुकडा जाईल.