बंबवाले फुकटात हवेत, पण कर नको?

घाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

दरवर्षी घरी एक पाकीट येतं, वर ‘फायर कंपनी’ असं छापलेलं. कंपनी म्हटल्यावर काहीतरी विकत असणार, म्हणून बारा वर्षं ते न फोडता रद्दीत टाकत आलो. राहतो पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला. आमच्या वसाहतीत निम्मी घरं आपल्याच लोकांची.

परवा आईने ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. एक्झॉस्ट लावायचा राहिला. अलार्म थेट कंट्रोल रूमला जोडलेला, त्यामुळे दहाएक मिनिटांत दारात बंब आणि पाच माणसं. आई पदराने नाक झाकून म्हणते, “अगं बाई, मिरच्या भाजल्या तर एवढी माणसं?” त्यातला एकजण माझ्या मुलीची स्कूल बस चालवतो. दुसरा दर हिवाळ्यात आमची फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) बघायला येतो. त्याला विचारलं, या कामाचे किती मिळतात? तो हसला. काही नाही.

मग पाकीट फोडलं. आत देणगीचं आवाहन. ही ‘कंपनी’ म्हणजे गावातल्या बिनपगारी लोकांनी चालवलेलं अग्निशमन दल. पद्धत जुनी आहे. १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदाने कातडी बादल्या आणि सामान भरायला पोती घेऊन आगीवर धावायचं. मासिक सभेला दांडी मारली की दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून बंब आणि शिड्या घ्यायच्या! आजही या राज्यातल्या बहुसंख्य फायर कंपन्या स्वयंसेवकांच्याच आहेत. माणसं मात्र उरली नाहीत. राज्य विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाच्या २०१८ च्या अहवालात आकडा आहे: १९७० च्या दशकात सुमारे ३ लाख स्वयंसेवक, आता ३८ हजारांच्या आसपास.

आता टाउनशिपचा (म्हणजे आमच्या स्थानिक प्रशासनाचा) प्रस्ताव असा की थोडा फायर टॅक्स लावून दिवसपाळीला चार पगारी माणसं ठेवायची, कारण दिवसा सगळे नोकरीवर असतात. यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची पहिली प्रतिक्रिया: “अजून एक टॅक्स? व्हॉलंटियर आहेत ना!”

मला याची लाज वाटली. नळी धरायला आपण जाणार नाही, पाकीट फोडणार नाही, आणि कर लावला तर बोंब मारणार. यातलं एक तरी करा की राव.

टॅक्सपेअर_४०१के

लाज वगैरे तुमची तुमच्यापाशी ठेवा. शाळेच्या करापायी इथे आधीच कंबरडं मोडलंय. देणगी मी दरवर्षी शंभर डॉलर देतो, पाकीट फोडून. पण पगारी माणसं हा वेगळा प्रकार. आज चार, मग रात्रपाळी, मग ओव्हरटाइम, मग पेन्शन. हे दार एकदा उघडलं की बंद होत नाही. आणि बहुतेक कॉल खोटे अलार्म नाहीतर अपघात, तुमच्या ठेच्यासारखे. त्यासाठी दिवसभर चार माणसं बसवून ठेवायची?

घाटावरचा_पाहुणा

ठेचा खोटा नव्हता हो, फक्त आग नव्हती.

धूरवाला

फायर प्रोटेक्शनमध्ये नोकरी करतो, म्हणून दोन गोष्टी. पूर्वी लाकूड-कापसाचं फर्निचर असलेली खोली पूर्ण पेट घ्यायला अर्ध्या तासाच्या आसपास लागायचा. आजच्या फोम आणि प्लास्टिकच्या सोफ्यांची खोली पाच मिनिटांच्या आत भडकते. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या अमेरिकी संस्थेने शेजारी शेजारी दोन खोल्या पेटवून हे दाखवलंय. आता मानकं बघा. पगारी दलासाठी पहिल्या बंबाचा प्रवासवेळ चार मिनिटं. स्वयंसेवी दलासाठी उपनगरात दहा माणसं दहा मिनिटांत जमली की पास.

म्हणजे तुमच्या घरी दहा मिनिटांत आले ते वेळेत आले, माणसं निम्मीच असली तरी. मिरच्यांऐवजी सोफा पेटला असता तर?

शेजारी देवमाणूस आहे हे मान्य. पण माझ्या मते हे काम पूर्णपणे पगारीच हवं, दिवसपाळीपुरतं नव्हे. सिनसिनाटीने १८५३ मध्येच पगारी दल केलं, कारण तिथल्या स्वयंसेवी कंपन्या आग सोडून एकमेकांची डोकी फोडत होत्या. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये तेच केलं. मोठ्या शहरांनी दीडशे वर्षांपूर्वी सोडवलेलं गणित आपण अजून दलाच्या निधीसाठी पॅनकेक विकून सोडवतोय.

आकडेमोड

३ लाख? तेव्हा पेनसिल्व्हेनियाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत होती. म्हणजे तान्ह्या बाळांपासून आजोबांपर्यंत दर चाळीस माणसांत एक बंबवाला? दलाच्या निधीसाठी ठेवलेल्या बिंगोला येणारेही मोजले असावेत. घसरण खरी असेल, पण तो जुना आकडा मला फुगलेला वाटतो.

पंचगंगाकाठ

काडी टाकतोय, माफ करा. 😄

आमच्याकडं ऊस पेटतो. उन्हाळ्यात तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली की संपलं. बंब तालुक्यावरनं येणार, तोवर भावकी, शेजारी, ज्याच्याशी बांधावरनं कोर्टात केस चालू आहे तोसुद्धा ओल्या फांद्या घेऊन पळत येतो. त्याला कुणी व्हॉलंटियर म्हणत नाही आणि वर्षाला पाकीटही पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी केस परत चालू. तुमचं गाव मोठं झालं, शेजारी शेजाऱ्याला ओळखेना झाला, म्हणून हा वाद.

धूरवाला

आणि तो ऊस वाचतो का?

पंचगंगाकाठ

नाही. पलीकडच्याचा वाचतो. आमचा जळीत म्हणून कारखाना वजनात कपात करतो.

(बंब लवकर यायला हवा हे मीही म्हणतो. गप्प बसतो आता.)

म्युनिकजवळची

जर्मनीत दहा लाखांहून जास्त स्वयंसेवी अग्निशामक आहेत, आणि पगारी दलं फक्त मोठ्या शहरांत. मी म्युनिकबाहेर खेड्यात राहते, इथे सगळं स्वयंसेवीच. तरी हा वाद ऐकला नाही, कारण इथे दल ही गावाची कायदेशीर जबाबदारी आहे. बंब, इमारत, गणवेश गावाच्या खर्चाने. पेजर वाजला की बवेरियात मालकाला माणूस सोडावाच लागतो, पगार कापता येत नाही आणि ते पैसे गावाकडून मालकाला परत मिळतात. माझ्या टीममधला एकजण मीटिंगमधून उठून जातो, कुणी भुवई उंचावत नाही. मुलं बाराव्या वर्षापासून युवा दलात.

आणि माणसं कमी पडली तर? गाव सक्तीने भरती करू शकतं. उत्तरेकडच्या झिल्ट बेटावरच्या लिस्ट गावात तसं करावं लागलं होतं. @टॅक्सपेअर, चिठ्ठी आली असती तर गेला असतात का?

थोडक्यात, स्वयंसेवक असणं हा प्रश्नच नाही. स्वयंसेवकाला बंबाच्या डिझेलसाठी पॅनकेक तळायला लावणं हा प्रश्न आहे.

टॅक्सपेअर_४०१के

जर्मनीचे कर किती ते पण सांगा ना एकदा.

फायरपोलीस_काकू

इतका वेळ वाचत होते. मी पेनसिल्व्हेनियातच एका स्वयंसेवी कंपनीत आहे, सहा वर्षं. वय ५४. आगीत जात नाही, फायर पोलीस आहे. म्हणजे अपघात झाला की रस्ता अडवायचा, पिवळं जाकीट घालून गाड्या वळवायच्या. आपल्या लोकांना वाटतं भरती म्हणजे शिडीवर चढून मांजर काढायचं. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त तुटवडा कशाचा आहे माहितीये? हिशेब ठेवणाऱ्याचा आणि ग्रँटचे अर्ज भरणाऱ्याचा. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणारे तुम्ही लोक, आणि आमचा खजिनदार ७८ वर्षांचा, वहीत लिहितो.

पाहुणे, तुमचं “नळी धरा नाहीतर कर द्या” टाळ्या घ्यायला ठीक आहे. पण नळी धरायला दीडशे-दोनशे तासांचं प्रशिक्षण लागतं, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. दोन लहान मुलं आणि एच-वन (नोकरीवर टिकून असलेला व्हिसा) असलेल्या माणसाला त्यावरून लाज वाटायला लावू नका. धूरवाले, सगळं पगारी करायचं म्हणता, पण आमच्या टाउनशिपमध्ये वर्षाला जेवढे कॉल येतात त्यावर चोवीस तासांचं पगारी दल परवडणार नाही. आकडेमोड मीच केलीय, खजिनदाराच्या वहीतून. आणि टॅक्सपेअर, नवा पंपर (पाणी मारणारा बंब) आता दहा लाख डॉलरच्या घरात गेलाय. तुमच्या शंभर डॉलरबद्दल मनापासून आभार. असे दहा हजार जण हवेत, एका गाडीसाठी.

दिवसपाळीला चार माणसं हीच मधली वाट आहे. मागच्या वर्षी मंगळवारी दुपारी दोन वाजता एका स्वयंपाकघराला आग लागली. बंबाबरोबर पोचले दोघं, एक ड्रायव्हर आणि एक ६६ वर्षांचे आजोबा. आत जायला पुरेशी माणसं नाहीत, म्हणून शेजारच्या कंपनीची वाट बघत बाहेरून पाणी मारत राहिले. घरात कोणी नव्हतं, हे नशीब. मी कोपऱ्यावर गाड्या वळवत उभी होते. एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, अजून किती वेळ लागणार, मला मीटिंग आहे.

आकडेमोड

काकू, ती वही स्प्रेडशीटमध्ये घ्यायची असेल तर मी करून देतो. खरंच. तुमच्यापासून दूर, न्यू जर्सीत आहे, पण ते घरून होईल ना?

फायरपोलीस_काकू

होईल. व्यनि करते. खजिनदार वही हातातून सोडतील याची खात्री नाही.

घाटावरचा_पाहुणा

काकू, एच-वनचं बोललात ते बरोबर. लाज हा शब्द मागे घेतो, प्रस्ताव नाही. गुरुवारी सात वाजता टाउनशिपची सभा आहे, मी बाजूने बोलणार. टॅक्सपेअर, तुम्ही याच काउंटीतले ना?

टॅक्सपेअर_४०१के

शेजारच्याच टाउनशिपमधला. आमच्याकडे हेच पुढच्या वर्षी येणार, म्हणून बघायला येतो. बोलू दिलं तर विरोधात बोलेन. काकूंचं दुपारी दोनचं पटलं, पण दर पाच वर्षांनी पुन्हा मतदान हवं अशी अट घाला, मग बघू.

घाटावरचा_पाहुणा

ती अट मीच मांडतो. वेळेवर या मात्र. पेजर वाजला की अर्धी सभा उठून जाते म्हणे.